बेरीज शून्य

नववीत रेणुसूत्रं शिकवायला घेते तेव्हा बहुतेक मुलांना तिरकस गुणाकार आधीच येत असतो. संज्ञा लिहायच्या, खाली संयुजा मांडायच्या, बाण ओढून आकड्यांची अदलाबदल करायची. ॲल्युमिनियमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन. म्हणून ॲल्युमिनियमचे दोन, ऑक्सिजनचे तीन. उत्तर अचूक. पण बाणांच्या घाईत प्रभार कुठे दिसतच नाहीत, म्हणून मी आधी बेरीज मांडायला लावते. दोन ॲल्युमिनियम आयनांचे मिळून अधिक सहा, तीन ऑक्साइडचे उणे सहा. शून्य. पदार्थ उदासीन असतो, म्हणून सूत्र तसं असतं. बाण ही नुसती सोय आहे.

मॅग्नेशियम ऑक्साइडला अदलाबदलीने दोन-दोन येतात आणि ते एक-एक करायचे, एवढं मुलांना पाठ असतं. कारण मिठात सापडतं. ब्रॅग पितापुत्रांनी 1913 साली क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. तिथे सुटी जोडी नाहीच. सूत्र सांगतं ते फक्त प्रमाण, आणि प्रमाण लहानात लहान आकड्यांत लिहितात. मात्र सोडियम पेरॉक्साइडचे दोन-दोन तसेच ठेवावे लागतात, कारण त्यातले दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असून दोघांचा मिळून एकच उणे दोनचा आयन असतो. नुसता नियम पाठ असलेला मुलगा तिथेही छाटणी करतो.

कंसाचंही तसंच. चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस गाळला, तर खालचा दोन एकट्या हायड्रोजनला लागतो आणि आयन मोडतो.

मला सर्वात आवडते ती तुरटी. वर्गात खडा फिरवते आणि सांगते, यात तीन प्रकारचे आयन आहेत: पोटॅशियम अधिक एक, ॲल्युमिनियम अधिक तीन, सल्फेट उणे दोन. आता बाण कुठून कुठे ओढणार? मुलं थबकतात, मग बेरजेकडे वळतात. एक आणि तीन चार. म्हणजे सल्फेट दोन. स्फटिकजलाच्या बारा रेणूंना प्रभार नाही, ते हिशोबात येत नाहीत. सूत्र मुलांनी स्वतः शोधलेलं असतं, आणि ते पुढे विसरत नाहीत.

त्यानंतर मॅग्नेटाइट. आमच्या कोकणात किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की चिकटून येणाऱ्या कणांत तो असतो. लोहाचे तीन, ऑक्सिजनचे चार. ऑक्साइडचे उणे आठ ठरलेले. तिन्ही लोह फेरस धरले तर अधिक सहा, फेरिक धरले तर अधिक नऊ. दोन्हीकडे फसतं. मुलं वहीत खाडाखोड करतात, शेजारच्याशी वाद घालतात, आणि कोणीतरी म्हणतं, "बाई, एक फेरस आणि दोन फेरिक!" खनिजात खरोखर तसंच असतं. लोहाचे दोन वेगळे आयन एकाच स्फटिकात आहेत, हे त्या मुलाने केवळ बेरजेवरून ओळखलेलं असतं. एवढ्यासाठी मी हा धडा घाई न करता शिकवते.

विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती: तिरकस गुणाकार जरूर शिकवा, पण प्रत्येक सूत्राशेजारी प्रभारांची बेरीज लिहायला लावा, आणि तिलाही गुण द्या.