विरजण पडले

आमच्या घराण्यात दारू प्यायलेला माणूस आजतागायत झालेला नाही. निदान पकडला गेलेला नाही. वडील माळकरी. खोकल्याच्या बाटलीवर 'अल्कोहोल' हा शब्द वाचून त्यांनी अख्खा आठवडा नुसत्या खोकल्यावर काढला होता. अशा घरातली मुलगी आम्ही सोलापूरच्या एका निर्व्यसनी इंजिनिअरला दिली. नोकरीने त्याला नॉर्वेत नेले. बर्गनहून रेल्वेने तासासव्वातासावर व्हॉस नावाचे गाव आहे, तिथे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीचा संसार पाहायला गेलो, तर दारातच माल्टाचा वास, आणि आत लग्नघरात शोभेलशा पातेल्यात काठी फिरवणारे जावईबापू!

"काय शिजतंय?" हिने कौतुकाने विचारले.

"बिअर," जावई म्हणाले.

ही मटकन खुर्चीवर बसली. सहलीवर पहिल्याच दिवशी विरजण पडले ते असे.

"आई, इथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे," लेक समजूत घालू लागली. उलट, मध्ययुगात इथल्या गुलातिंग कायद्याने शेतकऱ्याला नाताळची बिअर करावीच लागे. नाही केली तर दंड, आणि ओळीने तीन वर्षे चुकवली तर घरदार जप्त! निम्मे राजाला, निम्मे बिशपला. म्हणजे आमचे वडील तिथे जन्मते तर तीन वर्षांत रस्त्यावर आले असते. आणि आमच्याकडे १९४९ च्या कायद्यापासून प्यायलाच परवाना लागतो!

मी आपला पातेल्यात डोकावलो. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात भिजवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचे, मग ते हॉप्स घालून तासन् तास उकळायचे. पाण्यात आधी जुनिपरच्या फांद्याही घातलेल्या. रंग, वास आणि एकंदर अवतार पाहता हा वैद्यबुवांचा काढाच. इथपर्यंत दारूबंदी खात्याच्या अधिकाऱ्यानेही 'पथ्य काय?' एवढेच विचारले असते.

इतक्यात शेजारचे आजोबा आले. वय ऐंशीच्या पुढे, आणि हातात लाकडाचे छोटे छोटे तुकडे एकात एक अडकवून केलेली माळ. माळ पाहताच हिला सासऱ्यांची आठवण झाली आणि तिने पदर सावरला. आजोबांनी ती माळ कोमट काढ्यात सोडली, छताकडे तोंड केले आणि अशी आरोळी ठोकली की हिच्या हातातली चहाची बशी गेली.

"झटका आला वाटतं! अहो, पाणी आणा!"

झटका नव्हता. काही खेड्यांतली ती जुनी रीत आहे. यीस्ट घालताना जितके जोरात ओरडावे तितकी बिअर जोरदार होते, अशी समजूत. माळेच्या खाचाखाचांत वाळलेले होते ते यीस्ट. त्याला तिथे म्हणतात क्वाइक. आग पेटवणे या अर्थाच्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे. एरवी आजोबा ते कागदावर वाळवून फ्रीझरमध्ये ठेवतात. माळ खास पाहुण्यांसाठी बाहेर काढलेली.

"साधं यीस्ट वीस अंशांच्या आसपास खूश असतं," जावई सांगत होते, "आठवडा-दोन आठवडे घेतं. हे एकोणचाळीसला टाकायचं, दोन दिवसांत काम फत्ते."

म्हणजे ज्या तापात माणूस डॉक्टरला फोन करतो, त्या तापात हा पठ्ठ्या कामाला लागतो. २०१८ साली शास्त्रज्ञांनी याची जनुके तपासली, तेव्हा बिअरच्या यीस्टमधले हे निराळेच घराणे निघाले. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वाळवून, जपून, एकमेकांना देऊन चालवलेले. पिंप ब्लँकेटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवले आणि सगळे पांगले.

ही मात्र दुसऱ्याच काळजीत होती. माझ्या आईचे विरजण हिने रुमालावर वाळवून पुण्याहून आणले होते. असले पदार्थ त्या देशात न्यायला बंदी आहे, हे मला विमानतळावरची पाटी वाचून कळले. तेव्हा रुमाल माझ्या खिशात होता आणि घाम फुटला तरी पुसायची सोय नव्हती. एवढे करून तिथल्या थंडीत दही लागेना. तीन दिवस दुधाचे दूधच. रुमालाची शेवटची पट्टी उरली, तेव्हा हिचा चेहरा पाहवेना. सासूने लग्नाच्या वर्षी हातात दिलेली वस्तू परमुलखात संपणार होती.

रात्री पाणी प्यायला उठलो, तर ही अंधारात बिअरच्या पिंपापाशी. मला वाटले, संपले! घराण्याची अब्रू गेली! पण ही ब्लँकेटाखाली पिंपाला लावून दह्याचे भांडे सरकवत होती.

"तेवढीच ऊब," ती ओशाळून म्हणाली.

सकाळी कवडी पडलेले दही! आजोबांना वाटीभर दिले. त्यांनी चाटून पुसून खाल्ले, ते कसे लागले हे विचारले, आणि माळेवरून हात फिरवत म्हणाले, "हे आमच्या आजोबांचं. एकदा वडिलांचं खराब झालं, तेव्हा शेजाऱ्याकडून परत आणलं. त्याला आम्हीच दिलेलं होतं. आपल्याजवळचं नासतं, दिलेलं तेवढं उरतं." मुलगे ओस्लोत. ते बिअर दुकानातून आणतात. म्हणून सोलापूरच्या माणसाला दिले.

लेकीने हे मराठीत सांगितले. ही बराच वेळ गप्प होती. पुण्यात सूनबाई दह्याची पिशवी आणतात. लेकीच्या फ्रिजमध्येही डबेच. संध्याकाळी हिने नवा रुमाल ताज्या दह्यात बुडवला, वाळवला, दोन भाग केले. एक आजोबांना दिला.

"आणि दुसरा मला ना?" लेकीने हात पुढे केला.

"जावईबापूंना," ही म्हणाली. "त्यांना जपता येतं."

दोन दिवसांनी बिअर पिंपातून काढायचा दिवस. त्या वेळी शेजारीपाजारी चाखायला जमतात, तसे जमले. खरवडून घेतलेले नवे क्वाइक कागदावर, त्याच्या शेजारी हिचा रुमाल, अशी दोन वाळवणे खिडकीत पडली होती. ही माझ्याकडे वळली.

"काय हो, लागते तरी कशी ती?"

"संत्र्यासारखा वास," मी म्हणालो, "आणि शेवटी किंचित कडवट."

म्हणालो, आणि मग लक्षात आले. आमच्या घराण्यातला पकडला गेलेला पहिला माणूस मी.