थांबवायचं बटण

जयपूर, १२ नोव्हेंबर
मानसरोवर भागात माझ्याकडे गणिताला येणारी नववी-दहावीची मुलं आज शाळेतल्या स्मार्ट बोर्डावर घसरली. पडदा म्हटला की मुलं खूश, अशी माझी समजूत. "मॅम, सर पीपीटी वाचून दाखवतात. वाचायला आम्हालाही येतं!" दुसऱ्याची तक्रार वेगाची: लिहून घेईपर्यंत स्लाइड पुढे जाते, फळ्यावर निदान सरांचा हात तरी दमतो. स्पर्शिका फिरवून दाखवणाऱ्या एका बाईंचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. त्या मध्येच चित्र थांबवतात आणि विचारतात, बोला, आता पुढे काय होईल?

१५ नोव्हेंबर
उपग्रहावरून खेड्यांत टीव्हीवर धडे दाखवणाऱ्या 'साइट' प्रयोगाची टिपणं पुन्हा काढली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. राजस्थानसह सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह. कार्यक्रम-व्यवस्थापक इस्रोचे एकनाथ चिटणीस, आपल्या कोल्हापूरचे. सकाळी इथल्या शाळकरी मुलांसाठी हिंदीतून साडेबावीस मिनिटं. आकाशातून येणारा तो धडा कुणालाच थांबवता येत नव्हता. कळलं नाही तर गुरुजींनी मागाहून समजावायचं. आज बटण शिक्षकाच्या बोटाखाली आहे, आणि ते दाबायचं सुचत नाही.

१९ नोव्हेंबर
दहावीतली एक मुलगी म्हणाली, तिला करोनातले व्हिडिओ आवडायचे. एप्रिल २०२० पासून राजस्थान सरकार 'स्माइल' योजनेत व्हॉट्सॲपवरून ते पाठवत असे. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जाई, म्हणून अभ्यास रात्री. "पण तीनदा बघता यायचं. वर्गात तीनदा विचारलं तर सगळे हसतात." मी गप्प.

२३ नोव्हेंबर, रविवार
मुलांना घेऊन जंतरमंतर. तिथलं सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, सुमारे २७ मीटर उंच, त्याची सावली सेकंदाला जवळपास मिलिमीटरभर सरकते. गाइड सनावळ्या सांगत सुटला होता. मुलांनी त्याला थोपवलं आणि सावलीच्या कडेला बोट टेकवून बसली. (तोही बिचारा मग बसला.)

२६ नोव्हेंबर
मुलांनी शाळेला अर्ज लिहिलाय. व्याकरण तेवढं मी सुधारलं. मागण्या दोनच: सर, दर थोड्या वेळानं थांबा आणि आम्हाला विचारा, आणि स्लाइड्स आम्हाला पाठवा, घरी पुन्हा बघू.