नायलॉनच्या खुंट्या

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या कडेला एका वृद्ध कारागिराची लहानशी कर्मशाळा आहे. त्याने वयाची पंचाहत्तरी ओलांडली आहे, तरी त्याचा हात अजून स्थिर आहे. याच शहरातील ब्राउन्स लेनच्या कारखान्यात जॅग्वार कंपनीची 'ई-टाइप' ही डौलदार गाडी तयार होत असे. १९६१ साली ती प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा तिचे लांबसडक नाक पाहून भलेभले मोहून गेले. तिचे उत्पादन १९७४ साली थांबले. उरलेल्या गाड्या मात्र लोक जिवापाड जपतात आणि काही बिघडले की दुरून या म्हाताऱ्याकडे येतात.

एका सोमवारी १९६९ सालची अशीच एक गाडी त्याच्या दारी आली. मालकाच्या मुलीचे लग्न त्याच शनिवारी होते. गाडी तिच्या आजोबांची. आजोबा हयात नव्हते. निदान त्यांच्या गाडीत बसून आपण लग्नाला जावे, ही तिची फार इच्छा. तक्रार तशी किरकोळ होती. स्टिअरिंगचे चाक आतबाहेर हलत होते, एवढेच.

या गाडीचे चाक चालकाच्या सोयीप्रमाणे पुढेमागे घेऊन एका कड्याने आवळता येते. म्हाताऱ्याने कडे घट्ट आवळले. चाक तरीही हललेच. त्याच्या कपाळावर आठी उमटली. बॅटरीची तार सोडवून आणि सांध्यांवर खुणा करून त्याने चाकाखालचा दांडा बाहेर काढला. आतल्या नायलॉनच्या चिमुकल्या खुंट्या तुटल्या होत्या.

"कोठे धडक बसली होती का?" त्याने विचारले.

मालक ओशाळला. चाक निघेना म्हणून दांड्याच्या टोकावर त्याने हातोडीचे चार ठोके घातले होते. "पण आता वेल्डिंग करून टाका," तो म्हणाला, "नाहीतर दोन पोलादी खिळे मारा. आतले कोण पाहतो? शनिवारची वेळ निभावली म्हणजे झाले!"

सुट्टीत मदतीला आलेला तेरा वर्षांचा नातू जवळच उभा होता. त्यालाही ते पटले. "आजोबा, पोलाद नायलॉनपेक्षा मजबूत असते ना?"

"मजबूत आहे, हीच तर अडचण आहे," म्हातारा म्हणाला.

पूर्वी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगचा दांडा म्हणजे एक सरळ, ताठ गज असे. गाडी समोरून आदळली की तो गज मागे रेटला जाई आणि थेट चालकाच्या छातीवर येई. ज्याच्या आधाराने गाडी चालवायची, तेच भाल्यासारखे उलटे! जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९६७ च्या आपल्या मोटारींत धडकेने दबणारा दांडा बसवला. पुढे १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियमच झाला : ताशी ३० मैल वेगाने गाडी समोरून अडथळ्यावर आदळली, तरी दांड्याचे वरचे टोक चालकाकडे ५ इंचांहून अधिक सरकता कामा नये. अमेरिका ही ई-टाइपची मोठी बाजारपेठ. तेव्हा तिलाही नवा दांडा मिळाला. त्यात एकात एक सरकणारे दोन भाग असतात आणि नायलॉनच्या खुंट्या त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. चाक फिरवताना हे भाग एकत्रच फिरतात. जबर धडक बसली की खुंट्या तुटतात, एक भाग दुसऱ्यात शिरतो आणि दांडा आखूड होतो. म्हणजे तुटणे हेच त्या खुंट्यांचे काम. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार बसवणारे महाभाग आपल्याकडेही आढळतात. पोलादी खिळ्यांचा सल्ला त्यातलाच.

म्हाताऱ्याने यापैकी फारसे काही सांगितले नाही. १९६५ साली, नातवाहून थोडाच मोठा असताना, तो अपघातातील गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी करीत होता. तेथे एके दिवशी एक चेपलेली गाडी ओढून आणली गेली. तिचा गज चालकाच्या आसनाच्या पाठीला टेकला होता आणि खाली एक चष्मा पडला होता. त्याची एक काच शाबूत होती. "तो चष्मा मीच उचलला," एवढेच तो म्हणाला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मालकाने विचारले, "नवा दांडा केव्हा मिळेल?"

"शनिवारपूर्वी नाही."

मुलगी शनिवारी भाड्याच्या गाडीतून लग्नाला गेली. आजोबांची गाडी कर्मशाळेत घोड्यांवर उभी राहिली. मालक रागावला असावा. आठवडाभर त्याने फोनसुद्धा केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवा दांडा आला. नातवाने पुढची चाके सरळ रेषेत आहेत ना, हे दोनदा पाहिले. मग खुणा जुळवून दोघांनी सांधे जोडले आणि बोल्ट आवळले. शेवटी स्टिअरिंगचे चाक बसवायचे राहिले. ते दांड्याच्या दात्यांवर अर्धे जाऊन अडले. नातवाचा हात नकळत हातोडीकडे गेला. मध्येच तो थबकला. त्याने आजोबांकडे पाहिले. ते मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते.

मुलाने हातोडी पुन्हा खणात ठेवली, चाक अलगद काढून दाते पुसले आणि ते पुन्हा सरळ धरले. या वेळी ते निमूटपणे बसले. मग त्याने मधली चाकी हाताने लावली आणि पाना घेऊन ती हळूहळू आवळू लागला.