अलाबामातील लहान गावे : पाहावीत अशी, समजून घ्यावीत अशी

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि नायगाराचा धबधबा येतो. अलीकडे आपल्या वस्त्यांतील मुले-मुलीही शिकून तिकडे नोकरीला गेली आहेत. कोणाची मुलगी, कोणाचा भाचा आई-वडिलांना दोन-तीन महिन्यांसाठी बोलावून घेतो. मग सुट्टीच्या दिवशी मॉल दाखवला जातो, समुद्रकिनारा दाखवला जातो, आणि फोटो घरी येतात. ज्यांचे कोणी अटलांटा शहरात किंवा त्या बाजूला असेल, त्यांना एक सुचवावेसे वाटते. शेजारच्या अलाबामा राज्यातील लहान गावे पाहून या. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी आमच्याबरोबर घरबसल्या ही सहल करावी.

अलाबामा आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या सुमारे ५० लाख. राज्याच्या मधल्या भागाला 'ब्लॅक बेल्ट' म्हणजे काळा पट्टा म्हणतात. हे नाव मुळात तिथल्या काळ्या कसदार जमिनीवरून पडले. विदर्भ-मराठवाड्यासारखेच हे कापसाचे रान; पण इथला कापूस गुलामांकडून पिकवून घेतला जात होता. १८६५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. कायदा झाला तरी मत, शाळा आणि न्याय यांसाठी काळ्या माणसाला आणखी शंभर वर्षे झगडावे लागले. त्यातले कितीतरी झगडे अशा लहान गावांत झाले.

ही गावे दिसायला देखणी आहेत. पांढऱ्या खांबांची जुनी घरे, ओकची मोठी झाडे, संथ नदी. ते सारे डोळे भरून पाहावे. मात्र प्रत्येक गावात एक प्रश्न विचारावा : या गावाने काय जपून ठेवले आहे, आणि ते कोणी जपले आहे?

टस्कीगी : विद्यार्थ्यांनी भाजलेल्या विटा

अटलांटाहून मोटारीने दोन तासांवर टस्कीगी. वस्ती नऊ-दहा हजारांची. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ मध्ये आले आणि टस्कीगी हे नाव मराठी घरांत पोचले. ४ जुलै १८८१ रोजी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्या मुलांसाठी शाळा सुरू केली. ते स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले, आणि तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे. शाळेला इमारत हवी होती, म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजायला घेतल्या. तीन भट्ट्या फुकट गेल्या. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवले, आणि ती भट्टी साधली. त्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत. वॉशिंग्टन यांचे राहते घर 'द ओक्स' हेही त्यातलेच.

१८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर येथे आले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावा, असे ते गरीब शेतकऱ्यांना शिकवत. संस्थेच्या आवारात दोघांच्या समाध्या जवळजवळ आहेत, आणि कार्व्हर यांच्या नावाचे संग्रहालयही आहे.

याच परिसरात १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर गुप्तरोगाचा 'अभ्यास' चालवला. औषध उपलब्ध झाल्यावरही रोग्यांना ते मुद्दाम दिले नाही. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. गावातील संग्रहालयात ही हकिगतही सांगितली जाते. टस्कीगीने अभिमान जपला तशी जखमही जपली आहे.

लाउन्ड्स : निवडणूक चिन्हाची गोष्ट

टस्कीगीहून राजधानी माँटगोमेरी ओलांडली की ८० क्रमांकाच्या महामार्गावर लाउन्ड्स हा जिल्हा लागतो. लहान लहान वस्त्या, कुरणे, शेते. पाहणाऱ्याला काही विशेष वाटणार नाही. १९६५ च्या सुरुवातीला या जिल्ह्यात दर पाचांत चार माणसे काळी होती, आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते.

ज्यांनी नाव नोंदवण्याची हिंमत केली, अशा कितीतरी कुळांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. ती कुटुंबे रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली, पण मागे हटली नाहीत. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. राज्यात निरक्षर मतदार बरेच, म्हणून मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह असे. सत्ताधारी पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि १९६६ च्या सुरुवातीपर्यंत त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापली जाई. लाउन्ड्सच्या शेतमजुरांनी चिन्ह घेतले काळ्या पँथरचे. १९६६ मध्येच कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी तेच चिन्ह उचलून ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ज्या नावाने आपल्या वस्त्या दणाणल्या, त्याचा उगम या आडबाजूच्या कापूसरानात आहे. तंबूंच्या जागी आता माहिती केंद्र आहे. तेथे तासभर तरी थांबावे.

सेल्मा : नदीवरचा पूल

त्याच रस्त्याने पुढे सेल्मा. अलाबामा नदीच्या काठावरचे, सुमारे १८,००० वस्तीचे गाव. येथला एडमंड पेटस पूल १९४० मध्ये बांधला. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या एका सेनानीचे हे नाव. ते आजही पुलावर मोठ्या अक्षरांत आहे. पूल मधोमध उंच आहे, त्यामुळे चढताना पलीकडचे दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सुमारे ६०० स्त्री-पुरुष माथ्यावर आले, तेव्हा त्यांना खाली रांगेने उभे असलेले पोलीस दिसले. तरीही ते पुढे चालत गेले. लाठ्या आणि अश्रुधूर यांनी त्यांना मागे रेटण्यात आले. दोन आठवड्यांनी, २१ मार्चला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा मोर्चा निघाला आणि ८७ किलोमीटर चालून २५ मार्चला माँटगोमेरीला पोचला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला.

गावाची स्थिती मात्र आज चांगली नाही. जुन्या बाजारपेठेत बंद दुकाने दिसतात. १२ जानेवारी २०२३ च्या चक्रीवादळाने अनेक घरे मोडली. म्हणून सेल्मात पुलावर फोटो काढून लगेच परतू नये. तिथल्याच माणसाच्या खानावळीत जेवावे. भेंडी तळलेली मिळेल, चवळी मिळेल, मक्याची भाकरीसारखी पोळी मिळेल. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या लोकांबरोबर या स्वयंपाकात आल्या. रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगाही विकत मिळतात.

जीज बेंड : गोधड्यांचे गाव

सेल्माहून तासाभरावर नदीच्या मोठ्या वळणात जीज बेंड आहे. सरकारी नाव बॉयकिन. वस्ती दोन-अडीचशेची. बहुतेकांचे आडनाव पेटवे, कारण त्यांचे पूर्वज ज्या मालकाचे गुलाम होते त्याचे ते आडनाव. १९३२ मध्ये सावकाराच्या घरच्यांनी कर्जापोटी गावातली जनावरे, अवजारे, धान्य, सारे उचलून नेले. लोक उपाशी राहिले. पुढे सरकारने ती जमीन विकत घेऊन कुटुंबांना हप्त्यांवर विकली, आणि गुलामांची नातवंडे जमिनीची मालक झाली.

या गावातील बायका थंडीसाठी गोधड्या शिवत. विजारीचे झिजलेले गुडघे, सदऱ्याची पाठ, पिठाच्या पिशव्या. जे हाती लागेल ते. आपल्या आई-आजीने लुगड्यांची गोधडी शिवली तशीच ही. २००२ मध्ये या गोधड्या अमेरिकेतील मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या, आणि २०१५ मध्ये गावातील तीन स्त्रियांना राष्ट्रीय सन्मान मिळाला.

नदीपलीकडे कॅमडन हे तालुक्यासारखे गाव. मतदार नोंदणी तिथे. जीज बेंडचे लोक नोंदणीसाठी जाऊ लागले तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांची तर बंद करण्यात आली. पंधरा-वीस मिनिटांच्या पाण्याच्या वाटेऐवजी रस्त्याने तासभराचा फेरा पडू लागला. तर पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. आता ती विजेवर चालते. त्या तरीने नदी ओलांडावी आणि जमल्यास एखादी लहान गोधडी शिवणाऱ्या बाईकडूनच विकत घ्यावी.

मनरोव्हिल : कोर्टाची इमारत

कॅमडनहून तासाभराने सहा हजार वस्तीचे मनरोव्हिल लागते. लेखिका हार्पर ली यांचे हे गाव. एका निरपराध काळ्या माणसाची बाजू मांडणाऱ्या गोऱ्या वकिलाची त्यांची कादंबरी १९६० मध्ये निघाली आणि जगभर वाचली गेली. चौकातले १९०३ चे कोर्ट आता संग्रहालय आहे. वसंत ऋतूत गावकरी त्या कथेचे नाटक येथे करतात आणि प्रेक्षकांतूनच पंच निवडून बसवतात.

याच भागातील वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला १९८८ मध्ये न केलेल्या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांनी लढा देऊन १९९३ मध्ये त्याला सोडवले. त्यावरचा 'जस्ट मर्सी' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. कोर्टाच्या त्या सुंदर लाकडी सज्जाखाली उभे राहताना नाटकातला खटला आणि खरा खटला, दोन्ही आठवावेत.

फेअरहोप : खाडीकाठचे स्वप्न

शेवटी दक्षिणेला मोबील खाडीच्या काठी फेअरहोप. फुलझाडांनी भरलेले रस्ते, लांब धक्का, सूर्यास्त. या सर्वांत देखणे गाव हेच. उन्हाळ्यात कधीकधी पहाटेपूर्वी पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे, खेकडे, कोळंबी काठाशी गोळा होतात आणि गाव बादल्या घेऊन धावते. जमीन समाजाच्या मालकीची असावी या विचाराने १८९४ मध्ये काही कुटुंबांनी हे गाव वसवले. त्या संस्थेकडे आजही सुमारे ४,००० एकर जमीन आहे. येथे १९०७ मध्ये परीक्षा आणि गुण नसलेली शाळा निघाली. बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई १९१३ मध्ये ती पाहून गेले आणि तिची वाखाणणी केली. मात्र समतेच्या या वसाहतीत काळ्या माणसाला जागा नव्हती. अर्धी समता कशी दिसते हे पाहायचे असेल तर फेअरहोप पाहावे.

जाण्यापूर्वी

या भागात बस-रेल्वे जवळजवळ नाही, मोटार हवीच. चार-पाच दिवस ठेवावेत. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. उन्हाळा कोकणासारखा दमट असतो. संग्रहालयांच्या आणि तरीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

आणि जे जाणार नाहीत त्यांनी, जीज बेंडच्या बायकांची आठवण ठेवून, घरातली आजीची गोधडी ट्रंकेतून काढून उन्हात घालावी. तिच्यातला कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या गिरणीतल्या सदऱ्याचा, हे मुलांनी आजीला विचारून वहीत लिहून ठेवावे.