पाणी

मांडवीच्या किनाऱ्याला रत्नागिरीकर काळा समुद्र म्हणतात. लहानपणी आम्ही तिथल्या रेतीत दोरीला बांधलेलं लोहचुंबक ओढत फिरायचो. बघता बघता त्याला काळ्या कणांची दाढी फुटायची.

पुढे कधीतरी वाचलं, की जपानी तलवार अशाच काळ्या रेतीतून जन्माला येते. शिमाने प्रांतात ओकुइझुमो गावी मातीची भट्टी रचतात, तिचं नाव तातारा. तीन दिवस, तीन रात्री तिच्यात रेती आणि कोळसा घालत राहायचं आणि शेवटी भट्टीच फोडून पोलादाचा गोळा बाहेर काढायचा. आपल्या किनाऱ्यावर इल्मेनाइट फार, टायटॅनियमवालं; त्याचं असं पोलाद सहजी होत नाही. मला त्याची हळहळ वाटते.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या कामात. पातं घडवून झालं की कारागीर त्याला मातीचा लेप देतो, पाठीला जाड, धारेला पातळ. मग लालबुंद पातं पाण्यात; यालाच आपण पाणी देणं म्हणतो. धार झटकन निवते नि कठीण होते, पाठ सावकाश निवते नि चिवट राहते. कतानाचा, म्हणजे या जपानी तलवारीचा, बाक त्याच क्षणी खुलतो, आणि धारेलगत धुक्यासारखी रेघ राहते, तिला हामोन म्हणतात.

आमच्या वाडीतला लोहार गाडीच्या जुन्या पाट्याच्या कोयत्या करायचा. खोपटात काळोख, कारण उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. जपानी कारागीरही पातं तापवतो ते काळोखातच.

"काका, कोयती पाण्यात किती वेळ बुडवायची?"

"वेळ नाय बघायचा बाळा, रंग बघायचा. पाणी जास्त झालं तर धार उडते, कमी झालं तर वळते."

मोत्यालाही पाणी असतं, कबूल. पण माणूस पाणीदार ठरतो, त्याचं पाणी जोखलं जातं, ते ऐरणीजवळच्या या पाण्यावरून, असं मी मनाशी धरलंय.

जपानात १८७६ साली कमरेला तलवार लावायला बंदी झाली. आपल्याकडे १८७८च्या कायद्यानं शस्त्राला परवाना आला. तिकडचे कित्येक तलवार घडवणारे सुऱ्या-कात्र्यांकडे, शेतीच्या अवजारांकडे वळले. हात तेच, पाणी तेच.

काकांची कोयती अजून आमच्याकडे आहे. खंडेनवमीला ती धुऊन पाटावर ठेवतो, झेंडू वाहतो. दसरा झाला की ती पुन्हा आकडीत जाते, आणि आकडी कमरेला बांधून मी माडांकडे निघतो.