नाही म्हणण्याचा हक्क

कापड हातात आले की त्याची किनार चिमटीत धरून पाहण्याची वडिलांना सवय होती. मुंबईच्या गिरणगावात, एका गिरणीच्या साचेखात्यात ते काम करीत. दुकानदार भाव सांगत राही आणि वडील किनारीवरचा गिरणीचा छाप शोधत राहत. छाप दिसला की म्हणत, "हे आपल्या शेजारच्यांचं." कापडामागे माणसे असतात आणि ती कुठे राहतात हे आपल्याला ठाऊक असते, एवढे त्यांचे साधे गृहीत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी खात्याचा जॉबर आमच्या खोलीवर आला. "उद्या पाळीवर या, जागा राखून ठेवलीय," असे तो हलक्या आवाजात म्हणाला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही." त्याच आठवड्यात आईने माहेरून आणलेला तांब्याचा हंडा मोडीत घातला. त्या एका शब्दासाठी मी पुढे कित्येक वर्षे वडिलांवर मनातून रुसून होतो. संप फसला. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. कोकणातल्या घरी आंब्याची चार कलमे राखण्यात त्यांचे उरलेले आयुष्य सरले.

गिरण्यांच्या जागी पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २०१२ च्या दिवाळीत तशाच एका इमारतीतून मी एक सदरा घेतला. घरी आल्यावर वडिलांच्या सवयीने कॉलरमागची चिठ्ठी उलटून पाहिली. नाव युरोपातल्या व्यापाऱ्याचे, शिवण बांगलादेशातली. कापूस कुठला आणि सूत कुठले, याचा पत्ता नव्हता. जिथे एके काळी कापड विणले जाई, तिथे ते आता नुसते विकले जात होते. हा विरोध मला तेव्हा केवळ गमतीचा वाटला.

ती गंमत २४ एप्रिल २०१३ रोजी संपली. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. त्यांत स्त्रिया अधिक. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. खालची दुकाने आणि बँकेची शाखा बंद ठेवण्यात आली. वरच्या पाच कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. तेव्हा तेथील किमान वेतन महिना ३,००० टका होते.

माझा सदरा त्याच इमारतीतला होता असे म्हणायला आधार नाही. नव्हता असेही मला म्हणता येईना. परंतु खरी अस्वस्थता निराळीच होती. तडे सर्वांनीच पाहिले होते. बँकेच्या कारकुनाला घरी राहता आले, शिवणयंत्रावर बसणारीला नाही. संकट एकाच छपराखाली होते. फरक होता तो नकार देण्याच्या ऐपतीचा. तीस वर्षांनंतर मला वडिलांचा तो शब्द पुन्हा ऐकू आला.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील तेविसाव्या कलमात कामाच्या न्याय्य परिस्थितीचा आणि संघटना स्थापण्याचा हक्क नोंदलेला आहे. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असे वाचता येण्याजोगा शब्द जाऊन 'सर्व मानव' असा शब्द यावा, हा आग्रह आपल्या हंसाबेन मेहता यांनी धरला होता. शब्द व्यापक झाला. पण जागतिक बाजारात तो कुणी कुणाकडे वसूल करावा? मागणी परदेशातून येते, भाव आणि मुदत तिकडे ठरते. खरेदीदार म्हणतो, कारखाना माझा नव्हे. कारखानदार म्हणतो, मुदत माझी नव्हे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत शिवणारी उभी असते.

याच यंत्राने तेथील लक्षावधी स्त्रियांच्या हाती स्वतःची कमाई दिली, हेही तितकेच खरे. म्हणून तिथला माल घेऊ नये, असे मला वाटत नाही. मे २०१३ मध्ये अनेक परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला. त्यात तपासणीच्या तरतुदी आहेत. पण माझी नजर खिळली ती एका कलमावर. जागा धोक्याची वाटण्यास रास्त कारण असेल तर वेतन न गमावता काम नाकारण्याचा हक्क कामगाराला असावा, असे ते कलम सांगते. इतक्या मृत्यूंनंतर लिहिला गेलेला तो साधा शब्द: नाही. आमच्या घरी त्याची किंमत एक हंडा होती, आणि ती मला फार वाटली होती.

वडील आता नाहीत. सदरा कपाटात आहे. कधी तरी मी त्याची शिवण चिमटीत धरून पाहतो. टाके नेटके आहेत. ते कुणी घातले, ती कोणत्या वस्तीत राहते, हे मला सांगता येत नाही. आणि त्या संध्याकाळी तुम्ही बरोबर बोललात, हे वडिलांना सांगायचे राहून गेले.