दिवाडी बेट आणि दोघींची होडी

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र तसा परकाच. आपली ओळख गंगेच्या पाण्याशी. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. होडी म्हटली की गंगेच्या पैलतीरी नेणारी भोयाची नाव, नाहीतर येलदरीच्या जलाशयात जाळे टाकणारी होडी, एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून आज तुम्हाला जरा लांब, गोव्यातल्या दिवाडी बेटावर नेतो. या बेटावर बांधलेल्या होड्यांनी शिडाच्या बळावर साऱ्या पृथ्वीला वळसा घातला आहे.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी नदी ओलांडली की दिवाडी. फेरीबोटीतून माणसे, मोटारसायकली, भाजीच्या टोपल्या एकदमच पलीकडे जातात. आम्ही उभयता पावसाळा सरता सरता गेलो होतो. दोन्ही अंगांना सपाट भातशेती, मध्ये टेकडी, टेकडीवर चर्च आणि कौलारू घरे. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्वे गावी गेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला.

तुम्ही शेतकरी, तेव्हा आधी शेतीकडेच पाहू. इथली नदी समुद्राच्या भरतीबरोबर खारी होते आणि शेते तर भरतीच्या पाण्याहून खाली. या शेतीला 'खाजन' म्हणतात. नदीकाठाने चिखलमातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात 'मानस' नावाची दारे. भरतीचे पाणी रेटले की दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि साचलेले पाणी बाहेर जाते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की भात लावतात. त्यासाठी खारेपण सोसणारे 'कोरगुट' नावाचे जुने वाण आहे. बांध फुटला तर खारे पाणी एकाच्या नव्हे, साऱ्यांच्या शेतात शिरते. म्हणून त्याची राखण पूर्वीपासून गावाने मिळून केली. आपल्याकडे कालव्याखालच्या जमिनी चिबडतात, खारवतात, तेव्हा निचऱ्याचा चर आपल्या बांधापुरताच खणून भागत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल.

याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा होड्या बांधण्याचा कारखाना आहे. तिथे बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' ही होडी २००९ साली नौदलात आली. म्हादेई हे मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव. ही होडी घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या होडीने एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

पुढे २०१७ साली तिची बहीण शोभावी अशी 'तारिणी' याच कारखान्यातून बाहेर पडली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यावर चढून गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलियाचे फ्रीमँटल, न्यूझीलंड बेटांवरचे लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ले, आफ्रिकेचे केपटाऊन असे चार मुक्काम करीत २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या. सुमारे आठ महिने आणि ४०,००० किलोमीटरांहून अधिक वाट!

ही वाट मनाला येईल तेव्हा धरता येत नाही. दक्षिण समुद्रात पश्चिमेचे वारे जोराने वाहतात, म्हणून पूर्वेकडे तोंड करून जायचे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, ओलांडायचे. वाफसा पाहून पेरणी करावी तसेच हे. शिवाय एकदम मोठी उडी नाही. आधी दोघींनी गोव्याहून पोर्ट ब्लेअर आणि मॉरिशस या बेटांच्या फेऱ्या करून हात बसवला होता.

जगात कितीतरी नवरा-बायको आपल्या शिडाच्या होडीत घर थाटून बेटामागून बेटे पाहत फिरतात. तिथेही रीत हीच. एक झोपला की दुसऱ्याने होडी सांभाळायची. हे सारे ऐकून आमच्या सौभाग्यवती फेरीबोटीत म्हणाल्या, "अहो, म्हणजे शीड उतरवणं, दिशा पाहणं, यंत्र दुरुस्त करणं, स्वयंपाक, सगळंच दोघींना यायला हवं. एकीला येतं नि दुसरीला नाही, असं तिथं चालायचंच नाही."

हे बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. गावोगाव फिरताना मी काय पाहतो? निंदणी, कापूस वेचणी, जनावरांचे शेण-पाणी बाईच्या हाती. पण घरधनी अचानक दवाखान्यात पडला की तिला सोसायटीचे कर्ज किती, पीकविम्याची पावती कुठे, विहिरीची मोटार कशी सुरू करायची, यातले काहीच सांगितलेले नसते. आणि बाई माहेरी गेली तर घरधन्याला बियाणे कोणत्या कोठीत ठेवले आहे तेही सापडत नाही. भर समुद्रात अशी होडी किती दिवस तरेल?

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. दोघांनी मिळून घरातले सारे कागद एका पेटीत लावा आणि देण्याघेण्याची यादी वहीत लिहा. मोटारीचा स्टार्टर, फवारणीच्या औषधाचे प्रमाण, बँकेचा व्यवहार एकमेकांना शिकवा. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पती आपल्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावू शकतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. ज्या जमिनीत ती रोज राबते, तिच्या उताऱ्यावर तिचे नाव असणे यात उपकार कसला?

आणि सवड काढून एकदा दिवाडीला अवश्य जा. मात्र जाल ते दोघे मिळून जा.